जुन्या एमएक्स-५चे टायर: आधी माप, मग तारीख, कंपनीचे नाव शेवटी

माझदा म्हटले की आपल्याकडे अजून स्वराज माझदाची मिनीबसच आठवते. एमएक्स-५ ही दोन सीटांची, छप्पर उघडणारी माझदा भारतात कंपनीने कधी विकलीच नाही. ब्रिटनमध्ये मात्र ती आजही सर्रास दिसते, आणि तिकडे राहून थोडक्या पैशांत स्पोर्ट्स कारची हौस भागवायची असेल तर कधी ना कधी हिच्याशी गाठ पडतेच. इथले परीक्षण मुख्यतः पहिल्या पिढीच्या, म्हणजे वर उघडणाऱ्या हेडलाइटांच्या एनए मॉडेलसाठी आहे. ही गाडी १९८९ साली आली आणि १९९७ पर्यंत बनली. जपानमधून ब्रिटनमध्ये आयात झालेली युनोस रोडस्टर ती हीच. १९९८च्या पुढच्या पिढीलाही, म्हणजे एनबीलाही, यातले बरेचसे लागू पडते.

टायर गोटा झाले की बहुतेक लोक आधी विचारतात, "सगळ्यात भारी टायर कोणता?" या गाडीला तो प्रश्न चुकीचा आहे. १.६ लिटरचे इंजिन, साधारण ११५ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आत. चारही चाकांना डबल विशबोन (वरखाली दोन आर्मवर चाक धरणारे सस्पेन्शन), ताकद मागच्या चाकांना, आणि पुढेमागे वजनाची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी. कंपनीने हिला टायर दिले होते १८५/६० आर१४ ८२एच (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची, शेवटी वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर), म्हणजे आज एखाद्या साध्या हॅचबॅकला शोभतील असे. ती काटकसर नव्हती, गाडीची आखणीच तशी होती. टायर थोडा आधी घसरावा, हळूहळू घसरावा आणि स्टिअरिंगमधून तसे कळत राहावे, यातच या गाडीची मजा आहे. म्हणून पकडीच्या मागे लागण्यापेक्षा आधी माप ठरवा, मग टायर कधी बनला ते बघा, आणि नंतर कंपन्यांची तुलना करा.

चौदा की पंधरा

मूळ १८५/६० आर१४चा व्यास ५७८ मिलिमीटरच्या जवळ येतो. १९५/५० आर१५चा येतो ५७६. फरक पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर, गिअरिंग, गाडीची उंची सगळे जागच्या जागी राहते. २०५/५० आर१५ घेतलात तर व्यास ५८६ होतो, दीड टक्का जास्त, आणि रुंद रिमवर मागच्या फेंडरच्या आतल्या कडेला घासण्याची शक्यता येते. एनबीच्या वरच्या मॉडेलांना आलेले २०५/४५ आर१६ एनएला बसतात खरे, पण व्यास सव्वादोन टक्क्यांनी वाढतो, रिम जड होते आणि १.६ इंजिनची आधीच बेताची असलेली ओढ आणखी कमी झाल्यासारखी वाटते. शिवाय व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवण्याकडे सरकतो, आणि ब्रिटनच्या नियमात त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणे बसत नाही. १९५/५५ आर१५ तर घेऊच नका. दुकानात तो सहज मिळतो, दिसायला तसाच दिसतो, पण व्यास तीन टक्क्यांहून जास्त वाढतो. काउंटरवरच्या माणसाने "हाच बसतो" म्हणून ५०च्या जागी ५५ दिला, असा घोळ होतो. साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, आकडा वाचल्याशिवाय टायर चढवू देऊ नका.

मग चौदा इंचीच का ठेवू नयेत? ठेवावेत, मन होत असेल तर जरूर ठेवावेत. एनएची मूळ सात पाकळ्यांची अलॉय साडेपाच किलोच्या आसपास भरते, आणि इतकी हलकी रिम आज बाजारात विकत घ्यायला गेलात तर खिसा चांगलाच हलका होतो. जाड साइडवॉलमुळे ब्रिटनच्या खड्ड्यांतून गाडी सुखाने जाते. अडचण टायर मिळण्याची आहे. छोट्या गाड्या पंधरा-सोळा इंचीवर गेल्या तसे कंपन्यांनी चौदा इंचीत खेळकर टायर बनवणे सोडत आणले. उरले ते बहुतेक इंधन वाचवणारे, हजारो किलोमीटर टिकणारे, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर जरा विचार करून वळणारे.

पंधरा इंचीवर जायचे तर सगळ्यात स्वस्त आणि बिनकटकटीचा मार्ग म्हणजे एनबीच्या मूळ १५×६ अलॉय. ऑफसेट (रिमेच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचे अंतर) ४० मिलिमीटर, बोल्टांचे अंतर ४×१०० (१०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार), मधले भोक ५४.१ मिलिमीटर. एनएच्या हबवर त्या सरळ बसतात, रिंगा नकोत की स्पेसर नकोत. दुसऱ्या कंपनीच्या रिमा घेतल्या तर मधले भोक सहसा मोठे असते. तेव्हा ५४.१ची स्पिगॉट रिंग (भोकातली फट भरणारी कडी) लावलीच पाहिजे, नाहीतर चाक नटांवर लटकते आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहते. रिमेचे माप बदलले की विमा कंपनीला कळवायला विसरू नका. ब्रिटनमध्ये हा बदल न सांगणे दाव्याच्या वेळी महागात पडू शकते.

लोड इंडेक्सचे, म्हणजे त्या वजनाच्या आकड्याचे, उगाच टेन्शन घेऊ नका. ८२ म्हणजे टायरमागे ४७५ किलो. दोन माणसे बसलेली एमएक्स-५ प्रत्येक चाकावर पावणेतीनशे किलोच्या आसपास टाकते. ८६ लिहिलेला टायर ५३० किलो पेलतो, पण तो दणकटपणा इथे उपयोगाचा नाही. उलट त्याच्या कडक साइडवॉलमुळे ही हलकी गाडी खराब रस्त्यावर टुणटुण उडते. वेगाच्या अक्षरात एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. एचपेक्षा खाली जाऊ नका, वर गेलात तर हरकत नाही.

चौदा इंचीत काय मिळते

युनिरॉयल रेनएक्स्पर्ट आमच्या मते या मापातली सगळ्यात शहाणी निवड आहे. नाव पावसावरून आहे आणि कामही तिथेच दिसते: ओल्या रस्त्यावर ब्रेक सरळ लागतात, घसरण सुरू झाली तर अचानक होत नाही. कोरड्यात, उन्हाळ्याच्या दिवसांत, नक्षीचे ठोकळे जरा डुलतात आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागात ढिलेपणा जाणवतो. रोजच्या वापराला आणि रविवारच्या फेरफटक्याला एवढे चालून जाते.

कॉन्टिनेंटल इकोकॉन्टॅक्ट ६ आणि मिशलिन एनर्जी सेव्हर प्लस हे दोन्ही चांगले टायर आहेत, पण चांगले कशासाठी ते बघा. त्यांची सगळी हुशारी घर्षण कमी ठेवून इंधन वाचवण्यात आणि टिकण्यात आहे. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीवर असा टायर झिजून संपायच्या आधी वयाने म्हातारा होतो, म्हणजे टिकाऊपणाचे पैसे वायाच. कॉन्टिनेंटल ओल्यात बरा थांबतो. मिशलिनची स्टिअरिंग जास्त नेमकी, मात्र मर्यादा ओलांडली की तो आधी पुरेसे सांगत नाही. फाल्कनचा झिएक्स झेडई३१० या दोघांच्या मधे बसतो आणि किमतीला बरा पडतो.

जपानी बाजारात चौदा इंचीत अजूनही डनलॉप डिरेझा झेड-थ्रीसारखे खरे स्पोर्ट टायर बनतात. शिवाय माझदाने २०१७ साली एनएच्या पुनर्बांधणीची योजना जाहीर केली, तेव्हा ब्रिजस्टोनने मूळचा एसएफ-३२५ टायर १८५/६० आर१४ मापात पुन्हा बनवून दिला. संग्राहकाला तो बघून भरून येईल. पण हे टायर ब्रिटनमध्ये मागवायचे तर भाडे आणि कर मिळून हिशेब बसत नाही. चारचाकी शोकेसमध्ये ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पंधरा इंचीत खरी निवड आहे

१९५/५० आर१५ हे माप अनेक हलक्या स्पोर्ट्स गाड्यांचे आणि क्लब रेसिंगचे आहे, त्यामुळे कंपन्यांनी ते जिवंत ठेवले आहे. इथे दोन टोके आहेत आणि बहुतेकांनी मधे कुठेतरी थांबावे.

एका टोकाला युनिरॉयल रेनस्पोर्ट ५. ब्रिटनच्या पावसात या किमतीत याच्यासारखा विश्वासू टायर नाही. पण साइडवॉल मऊ आहे, आणि एमएक्स-५सारख्या तीक्ष्ण स्टिअरिंगच्या गाडीवर ते लगेच कळते. वळणात शिरताना पहिला अर्धा क्षण काही होत नाही, मग गाडी कुशीवर रेलते आणि वळते. हवा दोन-तीन पाउंडांनी (पीएसआय) वाढवली तर हा आळस थोडा कमी होतो, पुरता जात नाही. कोरड्या रस्त्यावर दामटलात तर मागचे टायर लवकर झिजतात, कारण मऊ रबर आणि मऊ ठोकळे दोन्ही एकदम घासले जातात.

दुसऱ्या टोकाला टोयो आर८८८आर, नानकांग एनएस-२आर आणि ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस. ट्रॅकवर हे अप्रतिम. रस्त्यावर, तेही ब्रिटनच्या, यांच्यासाठी ही गाडीच फार हलकी आहे. असे रबर कामाला लागायला तापावे लागते, आणि एक टनाच्या आतली ११५ अश्वशक्तीची गाडी सकाळच्या गारठ्यात सभ्यपणे चालवली तर ते तापतच नाही. मग थंड, कडक टायर घेऊन तुम्ही ओल्या गोल चौकात शिरता आणि साध्या टायरवर झाले नसते ते होते. आर८८८आरचा ट्रेडवेअर (टिकाऊपणाचा) आकडा १००, एनएस-२आरचा १८०, आरई-७१आरएसचा २००. हे आकडे ज्याची त्याची कंपनी ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून मोजमाप करू नका. फक्त २०० किंवा त्याखालचा आकडा दिसला की हा टायर मुळात ट्रॅकसाठी आहे एवढे समजा. रबर शून्याखालच्या थंडीत तडकते ते वेगळेच. हिवाळ्यात बिनगरम गॅरेजमध्ये गाडी उभी राहणार असेल तर हे टायर काढून घरात ठेवावे लागतात.

पकड एकदम वाढवण्याचा आणखी एक तोटा आहे. टायरने जास्त धरले की तो ताण बुशांवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी नळ्यांवर), चाकांच्या बेअरिंगांवर आणि तीस वर्षे वयाच्या सबफ्रेमवर जातो. रबरी बुश मूळचे असतील तर गाडी वळणात आतल्या आत वाकडी होते आणि नव्या टायरला शिव्या बसतात.

मधले तीन टायर विचारात घेण्यासारखे. योकोहामा अॅडव्हान फ्लेव्हा व्ही७०१: नक्षी एका दिशेची, बाजू रेनस्पोर्टपेक्षा घट्ट, ओल्यात बऱ्यापैकी आणि घसरताना अगदी सभ्य. आमची पहिली पसंती हीच, आणि तिचे कारण कोणत्याही कसोटीतला पहिला क्रमांक नाही. गाडीचा मूळचा स्वभाव याच्यावर सगळ्यात कमी बदलतो. टोयो प्रॉक्सेस टीआर१ थोडा स्वस्त, आवाज थोडा जास्त, कोरड्यात मजेदार, पण नक्षी निम्म्यावर आली की ओल्यातली पकड लक्षात येण्याइतकी कमी होते. टोयो आर१आर या दोन्हींपेक्षा कितीतरी चिकट आहे. आकडा २०० असला तरी पावसात तो वर सांगितलेल्या ट्रॅकच्या टायरांइतका घाबरवत नाही. ज्यांना वर्षातून एक-दोन ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचे दिवस) करायचे आणि त्याच टायरवर घरी यायचे, त्यांनी तो घ्यावा. झीज मात्र जलद, आणि खडबडीत डांबरावर त्याची गुणगुण सतत कानात.

मिशलिन क्रॉसक्लायमेटसारखे बारमाही टायर वर्षभर रोज चालणाऱ्या गाडीला योग्य आहेत. डिसेंबर-जानेवारीत ते उपकारच करतात. जुलैत मात्र स्टिअरिंग पिठूळ होते. छप्पर उघडून फिरायला ठेवलेल्या गाडीला ते लावू नयेत, असे आमचे मत.

नव्या टायरच्या लेबलवरच्या ए, बी, सी या अक्षरांचा अर्थही नीट घ्या. ओल्या पकडीची श्रेणी ८० वरून २० किलोमीटरवर येईपर्यंतच्या ब्रेकिंगवरून ठरते, तीही नव्या टायरवर. वळणात तो कसा वागतो, पाण्यावर कधी तरंगतो, तीन वर्षांनी काय उरते, यातले काहीच त्या अक्षरात नसते. ओल्यात सी असलेला टायर या गाडीला नको, हा नियम पाळला तरी पुरे.

तारीख

साइडवॉलवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालच्या आधीचा आहे. जुन्या एमएक्स-५वर असे टायर खरेच सापडतात, आणि नक्षी छान सहा-सात मिलिमीटर शिल्लक असते म्हणून विकणारा ते कौतुकाने दाखवतो. तो टायर नाही, लाकूड आहे. रबरात हवेतल्या ओझोनपासून वाचवणारे मेण आणि रसायने घातलेली असतात. टायर फिरत, लवत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी वर्षभर झाकून ठेवली की ती येत नाहीत, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी व साइडवॉलवर बारीक चिरा पडतात. नख दाबून बघा: ताजे रबर किंचित दबते, मेलेले दबत नाही.

ब्रिटनमध्ये कारच्या टायरला वयाची कायदेशीर मर्यादा नाही. दहा वर्षांची बंदी २०२१पासून आली ती लॉरी, बस यांच्या पुढच्या चाकांना. कारला नक्षी १.६ मिलिमीटर हवी, रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांशात आणि पूर्ण घेरात, एवढेच कायदा म्हणतो. म्हणजे वीस वर्षांचा टायर वार्षिक एमओटी तपासणीतून सुटू शकतो आणि पहिल्या पावसात तुम्हाला कुंपणात घालू शकतो. आम्ही सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासायला आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही असली तरी फेकायला सांगतो. नवा मागवताना दुकानदाराला तारीख आधी विचारा. चौदा इंचीचा खप कमी, त्यामुळे माल गोदामात पडून राहतो. दोन वर्षांच्या आतला असेल तर घ्या, चार वर्षांचा "नवा" टायर सवलतीत मिळाला तरी नको.

आणि चारही एकदम बदला. पुढे एक कंपनी, मागे दुसरी, असे या गाडीला चालत नाही. सुरुवातीच्या गाड्यांना बहुधा एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल तर नाहीच. पुढे नवे चिकट आणि मागे जुने कडक टायर असले की वळणात अॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच वजन पुढे जाते, हलकी झालेली मागची बाजू सुटते आणि गाडी फिरते. दोनच घेण्याइतके पैसे असतील तर नवे मागे लावा, आणि उरलेले दोन लवकरात लवकर बघा.

चढवताना काय बिघडते

टायरच्या दुकानात या गाडीचे सगळ्यात मोठे नुकसान टायरशी संबंधित नसते. जॅक लावायची जागा म्हणजे दाराखालच्या सिलची शिवण. ती तीस वर्षांत गंजलेली असते, विशेषतः मागच्या चाकाच्या पुढे, कारण छपराचे पाणी वाहून जाण्याची नळी तुंबली की ते सिलमध्येच साठते. सपाट डोक्याचा ट्रॉली जॅक तिथे लावला की शिवण चेपते, रंग फुटतो आणि गंजाला वाट मिळते. खाच असलेला रबरी ठोकळा सोबत न्या, किंवा पुढे मधल्या क्रॉसमेंबरवर आणि मागे डिफरन्शियलखाली जॅक लावायला सांगा. जमल्यास चाके काढून सुटीच दुकानात न्यावीत, सगळा प्रश्न मिटतो.

जुन्या अलॉयच्या ज्या कडेवर टायरचा बीड बसतो तिथे पांढरी बुरशीसारखी गंज धरते. नवा टायर त्यावरच बसवला तर आठवड्याला तीन-चार पाउंड हवा जाते आणि पंक्चर काही सापडत नाही. कड तारेच्या ब्रशने स्वच्छ करून सीलर लावायला सांगा, आणि रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा. एका दिशेच्या नक्षीचा बाण पुढे फिरतो आहे ना, आणि दोन्ही बाजू वेगळ्या असलेल्या टायरची "आउटसाइड" बाजू खरेच बाहेर आहे ना, हे दुकानातून निघण्याआधी चारही चाकांना फिरून बघा.

चाकाचे नट २१ मिलिमीटरच्या पान्याचे, आटे एम१२×१.५, बसण्याची जागा शंकूच्या आकाराची. कंपनीचा आकडा साधारण ९० ते ११८ न्यूटन-मीटर. हवेच्या गनने करकचून आवळले तर रस्त्यात एकट्याने सुटत नाहीत, स्टड ताणला जातो आणि ब्रेकची डिस्क वाकडी झाल्यासारखी धडधड होते. हाताने टॉर्क रेंच लावून १०५-११०वर आवळा, आणि ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

मग हवा. दुकानात सरसकट ३२-३५ पाउंड भरतात. या गाडीला थंड टायरमध्ये चारही चाकांना २६ पाउंड, बस्स. जास्त हवेत टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, ओल्यात मागची बाजू चंचल होते, आणि मालक टायरला दोष देतो. घरी आल्यावर पहिले काम म्हणजे हवा कमी करणे. रेनस्पोर्टसारख्या मऊ बाजूच्या टायरला २८-२९पर्यंत चालते.

२६ पाउंडांची एक दुसरी बाजू मात्र आहे. विमानाच्या टायरांसाठी नासाने काढलेले जुने ढोबळ सूत्र असे: पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये काढायचा तर हवेच्या पाउंडांचे वर्गमूळ घेऊन त्याला ९ने गुणा. २६ पाउंडांना उत्तर येते ४६ नॉट, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर. नक्षी शाबूत असेल तर ती पाणी काढून टाकते आणि हा वेग बराच वर जातो. पण टायर दोन मिलिमीटरवर आलेला असेल आणि मोटरवेवर पाणी साचले असेल, तर तुम्ही या आकड्याच्या फार वर नाही, आणि तिथली वेगमर्यादा ११३ किलोमीटरच्या जवळ आहे. म्हणून कायद्याचे १.६ विसरा, ३ मिलिमीटरवर टायर बदला.

अलाइनमेंट केल्याशिवाय टायर घेऊ नका

नवे टायर आणि जुने अलाइनमेंट म्हणजे पैसे रस्त्यावर घासणे. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दात लागले तर टो (वरून पाहता चाकांची तोंडे आत की बाहेर वळली आहेत ते) बिघडला आहे. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो दोन्ही बघावे लागतील. फक्त मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त होती.

एमएक्स-५ला कॅम्बर, कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) आणि मागचा टो खालच्या आर्मच्या आठ एक्सेंट्रिक, म्हणजे फिरवले की आर्म सरकवणाऱ्या, बोल्टांवर जुळतो. पुढचा टो टाय रॉडवर. हे आठ बोल्टच ब्रिटनमधल्या गाड्यांचे दुखणे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते बुशाच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. नट फिरतो, बोल्ट फिरत नाही. जोर लावला तर बुशाचे रबर फाटते. अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आठवडाभर आधीपासून रोज भेदक तेल मारा. त्याने भागले नाही तर बोल्ट करवतीने कापून नवा बोल्ट आणि नवा बुश घालावा लागतो, आणि ते काम टायरांपेक्षा महाग पडू शकते. म्हणून टायर मागवण्याआधी हे बोल्ट हलतात का ते बघून घ्या. ज्याने "टो करून दिला, बाकी सुटत नाही" असे सांगितले त्याने अलाइनमेंट केले नाही असे समजा.

रस्त्यासाठी चालणारे आकडे: पुढे कॅम्बर उणे १ अंश, मागे उणे १.५, पुढे टो शून्य, मागे एकूण दीड-दोन मिलिमीटर टो-इन, आणि कास्टर दोन्ही बाजूंना सारखा व जेवढा मिळेल तेवढा. मोजताना चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतके ओझे ठेवायला सांगा. एवढ्या हलक्या गाडीत ऐंशी किलोंचा फरक आकड्यांत दिसतो.

नवे टायर पहिले दोनशे किलोमीटर बेताने चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पदार्थ आणि पृष्ठभागाची चकाकी जाईपर्यंत ते ओल्यात गुळगुळीतच असतात.

हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर हवा ४० पाउंडांपर्यंत चढवा आणि महिन्याला थोडी पुढेमागे ढकला. नाहीतर टेकलेल्या जागी टायर चपटा होतो आणि वसंतात पहिले काही किलोमीटर गाडी घोड्यासारखी उडते. बाहेर काढायच्या दिवशी हवा परत २६वर आणायची आठवण म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी लावा.

डिकीतले बारीक स्पेअर चाकही एकदा बाहेर काढून बघा. ते बहुधा गाडीइतकेच जुने असते, त्याला ६० पाउंड हवा लागते आणि त्यात सहसा पंधराही नसते. त्यावर एक किलोमीटरही जाऊ नका. त्याऐवजी पंक्चरचा किट आणि छोटा कंप्रेसर ठेवा. कोयत्यासारखे काही लागून साइडवॉलच कापली गेली तर किटचा उपयोग नाही, तेव्हा ब्रेकडाउन सेवेची वर्गणी भरलेली असावी.